एक मिनिट राहिलं

बुधवारी चार वाजता, म्हणजे सव्वाचारला.
तार्तूत विद्यापीठाचा पाव तास घड्याळाला माफ असतो.
नोव्हेंबरात तोवर काळोख पडून जुना झालेला,
आणि एमायोगी नदी
पुलावरच्या दिव्यांपुरतीच उरलेली.

मी पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला.
माझ्याकडे तीन पुठ्ठे :
हिरव्यावर दहा, पिवळ्यावर पाच,
तांबड्यावर एक.
आंतरराष्ट्रीय संबंधांच्या या चर्चासत्रमालेला
चार वर्षांत माझा हातभार तो एवढाच.
पुठ्ठे दाखवून मी थांबवलीत
दोन युद्धं,
समुद्राखालच्या तारांचं अख्खं राजकारण,
आणि लुब्लिनहून आलेला एक गृहस्थ,
सत्तेचा समतोल सांगता सांगता
जो एकाएकी रडवेला झाला होता.
त्यालाही. आधी पिवळा, मग तांबडा.

आज डॉक्टर रूलोफ हाखोर्ट, ख्रोनिंगेनचे.
"सीमा नसते," ते म्हणाले, "सीमा घडत राहते."
मायरेबाईंनी मान डोलावली.
वीस वर्षं ही माला त्याच चालवतात,
केकही त्याच कापतात, कोणाला कमी पडू न देता.
पडद्यावर नकाशा आला :
आमचाच आग्नेयेकडचा कोपरा, एकास दोन लाख,
आणि त्यातून गेलेली तांबडी रेघ.
करारावर सह्या होऊन जमाना झाला, मंजुरीचं घोंगडं भिजत पडलंय.
इथल्या हवेत ते वाळतही नाही.
गोठतं.

मागून हात वर आला.
काल्यू विरोमाए. निवृत्त भूमापक, वय एक्क्याऐंशी.
दर बुधवारी येतात,
खोलीत ऊब असते म्हणून, असं स्वतःच सांगतात.
आजवर काही विचारलं नव्हतं.

"या रेघेची जाडी किती?"

हाखोर्ट हसले. चांगला प्रश्न आहे, म्हणाले.
(चांगला प्रश्न म्हणजे उत्तर नाही,
हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.)

"कागदावर अर्धा मिलिमीटर," काल्यूच बोलले,
"म्हणजे जमिनीवर शंभर मीटर.
खांब रोवायच्या आधी मीच साखळी धरून फिरलोय.
त्या शंभर मीटरांत एक सौना होती,
सफरचंदाची तीन झाडं, बटाट्याचं वावर.
थडगी नऊ.
बाईचं नाव ओक्से.
ती विचारायची, मी झोपते ती खाट रेघेच्या कुठल्या काठाला?
मी म्हणायचो, कचेरीत विचारून सांगतो."

तांबडा पुठ्ठा माझ्या हातात होता.
वेळ संपून चार मिनिटं झालेली.
मायरेबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी पुठ्ठ्याची कड नखानं सोलत बसलो.

"शहाजिरं घातलेलं चीज द्यायची, फडक्यात बांधून.
एकदा पलीकडच्या पहारेकऱ्यालाही दिलं,
आणि त्यालाही तेच विचारलं.
पोरगाच होता तो.
म्हणाला, विचारून सांगतो."

हाखोर्ट नकाशाजवळ गेले,
नेमकं कुठे, ते बघायला.
प्रोजेक्टरच्या उजेडात रेघ त्यांच्या सदऱ्यावर आली,
खिशावरून तिरकी, पेनाला लागून.
ते डावीकडे सरले. मग उजवीकडे.
सदरा हलला. रेघ होती तिथेच,
फक्त आता त्यांच्या बाहीवर होती.
कोणी हसलं नाही.

"मग काय सांगितलंत तिला?" त्यांनी विचारलं.
आवाज व्याख्यानाचा नव्हता.

काल्यूंनी टोपी मांडीवर उलटी केली,
आत काही शोधल्यासारखी.
"कचेरीनं अजून कळवलं नाही."

नंतर केक झाला. खुर्च्या एकात एक गेल्या.
काल्यूंनी दोन तुकडे हातरुमालात बांधून घेतले
आणि दोघांतला दुसरा कोणासाठी,
हे मी विचारलं नाही.

इतिवृत्त मलाच लिहावं लागतं.
उपस्थिती : सतरा.
प्रश्न : एक.
वेळेचं बंधन काटेकोर पाळण्यात आलं.

पुढच्या बुधवारी सायबर सुरक्षा.